चाकू खाणारे यंत्र आणि वैरागचे मानपत्र

ज्या यंत्राने माझा चाकू खाल्ला ते आज माझ्या मेजावर पडले आहे. वाऱ्याने कागद उडू नयेत एवढाच आता त्याचा उपयोग. आगपेटीएवढे आहे, वर निकेलचा मुलामा, आत पोलादाच्या दोन चकत्या एकमेकींना टेकवून बसवलेल्या. त्या चकत्यांच्या फटीतून चाकूचे पाते दोनदा ओढले की धार लागते, असे विकणाऱ्याचे म्हणणे. विकणाऱ्याचे तोंड मोठे गोड होते. मित्रमंडळी म्हणतात, तुम्ही सोलापूरकडे जाऊन आलात तर चार शब्द लिहा. लिहितो. पण तलावाची शोभा आणि किल्ल्याचे बुरूज ज्यांना हवे असतील त्यांनी ते दुसऱ्या कोणाकडून घ्यावेत. मी अजून संतापलेला आहे आणि संतापलेल्या माणसाला बुरूज दिसत नाहीत.

मी साताऱ्याला चित्रकला आणि हस्ताक्षर शिकवतो. लहानपणी माझे वडील वैरागला पोस्टमास्तर होते, तेव्हा चार वर्षे मी तिथल्या मराठी शाळेत होतो. तिथे विष्णुपंत मास्तरांनी मला आधी बोरू कातरायला शिकवले आणि मग त्याने लिहायला. हल्लीची मुले टाकाने लिहितात, म्हणून सांगतो. बोरू म्हणजे बोटाएवढ्या जाडीची वाळकी वेतासारखी काडी. तिचे टोक चाकूने तिरपे छाटायचे, मधोमध बारीक चीर द्यायची आणि शाईत बुडवायचे. अक्षराचा सगळा घाट त्या तिरप्या छाटीत असतो. छाट स्वच्छ नसेल तर हात कितीही वळणदार असो, अक्षर केसाळ येते.

भाद्रपदात वैरागहून पत्र आले. विष्णुपंत मास्तर नोकरीतून निवृत्त झाले आहेत, दसऱ्याला गाव त्यांना मानपत्र देणार आहे, ते तुम्ही लिहून द्यावे. खाली मास्तरांच्या स्वतःच्या हातच्या चार ओळी होत्या. एकेकाळी ज्यांची ओळ दोऱ्याने आखल्यासारखी जायची त्यांच्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. ‘सदू, छापील नको. छापील मला आता दिसत नाही. डोळ्यांत काचबिंदू आहे. सोलापूरचे डॉक्टर म्हणतात, औषध नाही, दिवाळीनंतर उजेड आणि अंधार एवढेच कळेल. बोरूचे ठसठशीत अक्षर उन्हात धरले तर अजून लागते. शेवटचे वाचायचे ते तुझ्या हातचे वाचू दे.’

पत्र वाचून मी बराच वेळ वर्गात गेलो नाही. मग रजेचा अर्ज लिहिला.

सोलापूर, अष्टमी

आधी सोलापूरला उतरलो, कारण मानपत्राची चौकट आणि जाड कागद तिथे सांगून ठेवला होता. गावातल्या लोकांनी मजकूर मात्र आधी पाठवला नव्हता. तो म्हणे अजून ‘विचाराधीन’ होता. स्टेशनबाहेर पडलो तो गिरणीचा भोंगा एवढ्या जोराने झाला की टांग्याचे घोडे नव्हे, मीच बुजलो आणि हातातली पिशवी सुटली. पिशवीत माझा धारेचा दगड होता. वीस वर्षे वापरून मधोमध खोलगट झालेला, तेल पिऊन काळा झालेला दगड. त्याचे तीन तुकडे झाले.

टांगेवाला खाली वाकून तुकडे बघत म्हणाला, “पत्थर टूट्या तो टूट्या, मास्टरसाब. पाँव बच्या ना?”

पाय वाचला होता. तो मोडला असता तर पुढचे सगळे टळले असते, असे मला नंतर अनेकदा वाटले.

नवा दगड घ्यायला म्हणून बाजारात हत्यारांच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने माझ्यापुढे तीन वस्तू मांडल्या. चामड्याच्या पाकिटातला बोटभर लांबीचा दगड, लाकडी मुठीची पोलादी कांडी, आणि हे चकत्यांचे यंत्र. दगड मी हातात घेतला तेव्हा तो हसला. “मास्तर, दगडाला तेल लागतं, वेळ लागतो, हात लागतो. ह्याला काही लागत नाही. विलायतेत आता दगड कोणी वापरत नाही.” मग त्याने माझाच चाकू घेतला, फटीतून दोनदा खर्रकन ओढला, आणि वर्तमानपत्राचा कागद उभा धरून वरपासून खालपर्यंत फाडला. कागद सर्रकन दुभंगला.

शेजारी एक म्हातारे विणकर कात्री विकत घ्यायला उभे होते. तेलुगू बोलणारे पद्मसाळी असावेत. आयुष्यभर सुते कापलेला माणूस. त्यांनी तो आवाज ऐकून तोंड वेडेवाकडे केले, माझ्या चाकूच्या धारेवरून नख फिरवले आणि म्हणाले, “अन्ना, वद्दु. हे नको. हे धार लावत न्हाई, लोखंड खाते. दगड घ्या तुमी.”

मी काय करावे? मी, हस्ताक्षराचा मास्तर, ज्याने पोरांना हजार वेळा सांगितले आहे की घाई करू नका, त्याने त्या वडीलधाऱ्या माणसाकडे बघून मान हलवली आणि यंत्र घेतले. कागद फाडणे ही परीक्षाच नव्हे, हे मला कळायला हवे होते. खरखरीत धारसुद्धा कागद फाडते. करवतसुद्धा फाडते. चाकूची परीक्षा काडीच्या आडव्या छाटीत असते, आणि मी ती दुकानात मागितलीच नाही.

बरे, चूक एवढ्यावर थांबली असती तरी निभावले असते. माझ्याजवळ साताऱ्याहून कातरून आणलेले सहा बोरू होते. जाड कागदाला टोक जरा रुंद हवे होते, म्हणून एखादा बोरू नव्याने छाटून बघायला हरकत नव्हती. पण नव्या वस्तूचा मद वाईट. खानावळीत कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वर दही असे पोटभर जेवलो, (साताऱ्याला आम्ही भाकरी मऊ खातो आणि शेंगदाण्याचे कूट करतो, पण त्या चटणीपुढे आमचे कूट म्हणजे आजाऱ्याचे पथ्य), आणि त्या तृप्तीत यंत्र काढून सहाच्या सहा बोरू छाटून टाकले. मध्ये मध्ये चाकू अडला की पुन्हा फटीतून ओढायचा. खर्र, खर्र. फटीखाली पोलादाचा बारीक भुगा पडत होता आणि मी समजत होतो की ही धार आहे.

परतीच्या वाटेवर मी त्या दुकानदाराला गाठले, तेही इथेच सांगून टाकतो. यंत्र त्याच्यापुढे आदळले. तो शांतपणे म्हणाला, “हे भाजीच्या सुरीचं आहे, मास्तर. चाकू नाजूक असतो. तुम्ही विचारलंत कुठं?” असल्या माणसाला काय बोलणार? मी पुष्कळ बोललो. त्याने यंत्र परत घेतले नाही.

वैराग, नवमी

सकाळच्या मोटारीने वैरागला पोचलो. दोन्ही बाजूंना ज्वारीची हातभर वाढलेली रोपे, काळी माती, मध्येच एखादे बाभळीचे झाड. मोटारीत बसलेल्यांचे चेहरे शेवटी एकसारखे धुळकट दिसू लागले, त्यामुळे कोण वकील आणि कोण गिऱ्हाईक ते उतरल्यावरच कळले.

मास्तर ओसरीवर बसले होते. मी पाया पडलो. त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला, अगदी नाकाजवळ नेला, आणि म्हणाले, “मिशा ठेवल्यास.” एवढे त्यांना दिसले. मास्तरांच्या पत्नीने, काकूंनी, आत जाऊन पदराने डोळे पुसलेले मला दिसले.

समारंभाचे चिटणीस शंकरराव मजकूर घेऊन आले. चार पानांचा मजकूर! त्यात दीड पान समारंभाच्या अध्यक्षांचे गुणवर्णन होते. अध्यक्ष बार्शीचे एक बडे वकील. मानपत्र मास्तरांना आणि स्तुती वकिलांची, हा काय प्रकार, असे मी विचारले. शंकरराव खालच्या आवाजात म्हणाले, “ते येनार हायेत म्हणून तर मंडप उभारलाय, सर. एक अक्षर सुद्धा कमी करू नका.”

मी मजकूर घेतला. ओसरीवर पाट मांडला, पहिला जाड कागद अंथरला, बोरू शाईत बुडवला आणि ‘श्री’ काढला. श्रीच्या वेलांटीतून दोन्ही बाजूंना शाईचे केस निघाले. दुसरा बोरू घेतला. तो चिरेत फुटला आणि कागदावर डाग पडला. तिसरा, चौथा, तसाच प्रकार. टोके उन्हात धरून पाहिली तेव्हा दिसले, छाट म्हणून जी होती ती छाट नव्हतीच. चाकूने काडी कापली नव्हती, कुरतडली होती. चाकूची धार डोळ्याजवळ नेली तर बारीक दाते. पहिला कागद वाया गेला. माझ्याजवळ कागद दोनच होते.

चाकूला नीट धार लागली असती तर बोरू मागे छाटून अजून एखादा तरी वाचला असता. मी आत जाऊन काकूंकडे मास्तरांचा दगड मागितला.

काकू म्हणाल्या, “अरे, आज खंडेनवमी. दगड, चाकू, विळी, सगळं पूजेत आहे. आज हत्यार चालवायचं नाही आणि धारही लावायची नाही. विसरलास?”

विसरलो होतो. साताऱ्यात आम्ही मास्तरलोक नवमीला मुलांच्या पाट्या पूजतो, पेढा खातो आणि घरी जातो. आपल्याही हाताशी एक हत्यार आहे हे कोणाच्या ध्यानात राहते? इथे देवघरापुढे पाटावर झेंडूच्या फुलांत मास्तरांचा चाकू, दगड, दौत आणि काकूंची विळी हळदकुंकू लावून आडवी झाली होती. जेवायलाही गवार हाताने मोडलेली आणि शेवग्याच्या शेंगा मुरगाळून तोडलेल्या. मी ते सगळे बघत उभा राहिलो आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मास्तरांना मी काही सांगितले नाही. कसे सांगू? दगडाऐवजी यंत्र घेतले, हे त्यांच्यापुढे उच्चारण्याची माझी छाती नव्हती. “जरा पाय मोकळे करून येतो,” म्हणून बाहेर पडलो आणि दगड शोधत गावभर हिंडलो. सुताराने नाही म्हटले. न्हाव्याने तर वस्तरे फुलांखाली दाखवले. गावाबाहेर माळावर मायाप्पा नावाच्या धनगराची मेंढरे बसली होती. लोकर कातरणारा माणूस, ह्याच्याकडे दगड असणारच. होताही. कातरीशेजारी, भंडारा लावून, घोंगडीवर ठेवलेला.

मायाप्पाने माझा चाकू मागितला. त्याने तो हातात घेतला नाही. हत्यार हातोहात दिले की भांडण होते म्हणे, म्हणून मला जमिनीवर ठेवायला लावला आणि मग उचलला. अंगठ्याच्या पेरावर धार आडवी टेकवून पाहिली.

“मास्तर, ह्यो कुनी दातानं चावला हो?”

मी यंत्राची हकीकत सांगितली. तो हसला नाही, त्यामुळे मला जास्त लागले.

“धारंचा कोन मोडलाय हेच्या,” तो म्हणाला. “आदी भरड दगडावर दाते घालवायचे, मग मऊ दगडावर बशिवायचा. लई येळ न्हाय लागत. पर आज न्हाय. उद्या पूजा हलली की लावतो की.”

“उद्या मला लिहायचंय! संध्याकाळी समारंभ आहे. मास्तरांना उद्या दिसतंय, पुढं दिसेल न दिसेल, आणि तुम्ही दगडाला सुट्टी देऊन बसलाय?” मी ओरडलो. मेंढरे उठून उभी राहिली. “मी काही जीव कापत नाही, बोरू कापतोय!”

“लोखंडाला काय ठावं, तुमी काय कापताय,” मायाप्पा म्हणाला. “बाराही म्हैनं राबतंय ते. एक दिस बसू द्यावं की नगं? आन तुमचं बी हत्यारच हाय की बोरू. आज तुमी त्यो चालिवलाच कसा?”

ह्यावर मी आणखीच चिडलो. अंधश्रद्धा, अडाणीपणा, देश कुठे चालला आहे, असे तावातावाने बरेच बोललो. त्याने ऐकून घेतले, मग कांदा जमिनीवर ठेवून बुक्कीने फोडला, भाकरीवर ठेचा घातला आणि माझ्यापुढे केला. चिडलेल्या माणसाने जेवू नये म्हणतात. मी दोन भाकरी खाल्ल्या.

घरी परतलो तर मास्तर माझ्या सहा बोरूंची टोके एकेक करून बोटाच्या पेराने चाचपत बसले होते.

“सदू, हे काय केलंस?”

सांगावे लागले. भोंगा, दगड, दुकान, विणकर, यंत्र, सगळे सांगितले. ते रागावले. खरोखर रागावले, साठी उलटलेल्या माणसाच्या कपाळाची शीर तटतटली. “सहाच्या सहा? एकदम? पहिला छाटून लिहून बघितला नाहीस? चाळीशीला आलास ना रे? आणि तिथं एक माणूस तुला दगड घे म्हणून सांगत होता, तर तू त्याचं ऐकायचं सोडून कागद फाडणाऱ्याचं ऐकलंस?”

“मास्तर, तुमचा दगड द्या. आत्ता देऊन टाका. मी रात्रीतून...”

“पूजेतला दगड मी उचलणार नाही,” ते म्हणाले. “चूक तू केलीस. दगडानं का म्हणून भोगावी?”

मला त्यांचा एवढा राग आला की मी अंगणात जाऊन उभा राहिलो. डोळे ह्यांचे जायचे, वाचायचे ह्यांना, आणि दगडाची कड हेच घेतात! तो राग मी अजूनही पूर्ण सोडलेला नाही, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

वैराग, दसरा

उजाडता उजाडता काकूंनी पाटावर अक्षता टाकल्या, पाट जरासा हलवला, आणि मास्तर म्हणाले, “आण.”

त्यांनी दगडावर तेलाचा थेंब टाकला आणि माझा चाकू घेतला. मी धार लावतो म्हणालो तर ऐकेनात. डोळे मिटूनच बसले. पात्याची पाठ दगडापासून जरा उचलली, बोटांनी अंतर चाचपले आणि तो कल शेवटपर्यंत हलू दिला नाही. एक बाजू, मग दुसरी बाजू, प्रत्येक वेळी धार पुढे ठेवून, दगडावरून सायीचा पापुद्रा काढायचा असल्यासारखे सावकाश. आवाज जाड होता तो बारीक होत गेला. “ऐक,” ते म्हणाले, “दाते गेले की आवाज बदलतो. तुझ्या यंत्रात हा आवाज ऐकायला मिळत नाही. ते नुसतं ओरबाडतं.” शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर दहा-बारा वेळा पाते मागे ओढून त्यांनी चाकू जमिनीवर ठेवला. पाते पूर्वीपेक्षा अरुंद झाले होते. पण एक बोरू मी आडवा छाटला तेव्हा टोक चमकले.

सहांतले दोन वाचले. कागद एक. दुपारच्या आत लिहायचे, आणि अक्षर असे की मास्तरांना लागले पाहिजे. मोठ्या अक्षरांत चार पाने एका कागदावर बसणार कशी? मी शंकररावांचा मजकूर वाचला, पुन्हा वाचला, आणि अध्यक्षांचे दीड पान बाजूला ठेवले. मग ‘ज्ञानसूर्य’ आणि ‘विद्यावाचस्पती’ बाजूला ठेवले. शेवटी पाच ओळी उरल्या, त्यांतली पाचवी माझी. अक्षरे अंगठ्याच्या पेराएवढी काढली.

समारंभ चार वाजता होता. अध्यक्ष साडेपाचला आले. मोटार बिघडली म्हणाले. उपरण्यावर मात्र नुकत्याच खाल्लेल्या विड्याचा डाग होता. हारतुरे झाले, स्वागताचे पद झाले, आणि वकीलसाहेब बोलायला उभे राहिले. प्राचीन गुरुकुले, नालंदा, विलायतेतली शिक्षणपद्धती, मग स्वतःचे शाळकरी दिवस. मास्तरांचे नाव काही येईना. मंडपाच्या पश्चिमेच्या बाजूने ऊन येत होते. ते मास्तरांच्या गुडघ्यांवरून सरकत सरकत उपरण्याच्या टोकाला आले. मास्तर मांडीवर हात ठेवून शांत बसले होते. मी ते ऊन बघत होतो. चौकट अध्यक्षांच्या खुर्चीमागे कापडाने झाकून ठेवली होती. ती शेवटी, शेवटच्या टाळीबरोबर द्यायची, असा कार्यक्रम छापलेला होता.

वकीलसाहेब म्हणाले, “आता मी मूळ विषयाकडे वळतो,” आणि पाण्याचा पेला उचलला.

मी उठलो. कसा उठलो ते मला सांगता येत नाही. व्यासपीठावर चढलो, अध्यक्षांच्या मागे गेलो, कापड ओढले आणि चौकट घेऊन मास्तरांपुढे आलो. मंडपात कुजबुज झाली. शंकररावांनी माझा सदरा धरला, मी हिसडा देऊन सोडवला. अध्यक्ष पेला तसाच हातात धरून म्हणाले, “हे काय? अहो, माझं भाषण...”

“आपलं भाषण दिव्याच्या उजेडातही होईल,” मी म्हणालो. एवढे मोठ्याने मी वर्गातसुद्धा कधी बोललो नाही. “मास्तरांचं वाचणं होणार नाही.”

मास्तरांच्या हाताला धरून मी त्यांना मंडपाच्या कडेला, शेवटच्या उन्हात नेले आणि चौकट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नाकाजवळ नेली, मग जरा दूर केली, मग तिरपी केली. बोट अक्षराखाली ठेवले. “श्री,” ते म्हणाले. पुढे एकेक अक्षर, पहिलीतल्या मुलासारखे जोडत, पण मोठ्या खणखणीत आवाजात. अध्यक्ष आपल्या नावाची वाट बघत उभे होते. ते नाव आले नाही आणि मास्तर पाचव्या ओळीवर पोचले. “वैरागच्या मुलांना... विष्णुपंत मास्तरांनी... अक्षर दिले.”

बोट तिथेच थांबले. ऊन चौकटीच्या वरच्या कडेवरून सरकून गेले आणि त्यांनी चौकट खाली केली.

“दिसलं रे, सदू,” ते म्हणाले. “सगळं दिसलं.”